चोर सोडून संन्याशाला

हैदराबादेत गौलीगुड्याच्या जुन्या बसस्थानकात ज्यांनी कधी गाडीची वाट पाहिली असेल, त्यांना तिथल्या घोषणा आठवतील. पत्र्याचे ते अवाढव्य अर्धगोल छप्पर आणि त्याखाली घुमणारा कर्णा. गावाचे नाव नीट कळायच्या आत त्याचाच प्रतिध्वनी त्यावर येऊन आदळायचा. आम्ही नावे ठेवायचो कर्ण्याला. गुन्हा होता छपराचा. 5 जुलै 2018 रोजी ते छप्पर कोसळले आणि तो खटला निकालात निघाला.

आवाज फाटला की भलत्यालाच धरायचे, ही खोड आपल्या कानांची आहे. गणपतीच्या आधी आमचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन मी कोठीतल्या गुजराती गल्लीत गेलो. गौलीगुड्याहून ती चालत जाण्याइतकी जवळ. आवाज वाढवला की खरखर येत होती. कारागिराने पेचकस उचलण्याआधीच निकाल दिला, “क्लास डी है साब. आवाज कू काट-काट के जोडते इसमें. फटताच.” (डी म्हणजे डिजिटल नव्हे. ए, बी, सी ही अक्षरे आधीच खर्ची पडली होती, एवढेच.)

त्याचे म्हणणे वरवर बिनतोड वाटते. जुन्या पद्धतीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा राहतो आणि पुष्कळ वीज उष्णतेत जाते. क्लास डीमध्ये तो एकतर पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण बंद. गाण्याची लहर एका वेगवान त्रिकोणी लहरीशी सतत ताडून पाहायची. गाणे वर असेल तेवढा वेळ चालू, खाली असेल तेवढा वेळ बंद. सेकंदाला चार लाख वेळा ही उघडझाप. पल्सच्या कमीजास्त रुंदीत गाणे दडलेले असते, आणि शेवटी कॉइल व कपॅसिटर ते गाळून काढतात. एवढी कापाकापी झाल्यावर सूर शाबूत राहीलच कसा?

राहतो, आणि हे गणिताने फार लवकर सांगून ठेवले होते. बेल प्रयोगशाळेतल्या डब्ल्यू. आर. बेनेट यांनी 1933 मध्ये एक युक्ती मांडली. दोन लहरी एकाच काळात धावतात म्हणून हिशेब गुंततो. तर त्यांचे काळच वेगळे माना, एक आडवा, एक उभा. मग एकसारख्या फरशांनी भरलेली जमीन तयार होते आणि खरा काळ म्हणजे तिच्यावरून तिरपी ओढलेली एक सरळ रेघ. फरशीचा नमुना कळला की रेघेवर काय येणार ते कळते. हीच रीत वापरून हॅरॉल्ड ब्लॅक यांनी 1953 च्या आपल्या ग्रंथात पल्सच्या रुंदीचा हिशेब दिला. निष्कर्ष असा, की तुलना जागच्या जागी आणि अचूक झाली तर ऐकू येणाऱ्या पट्ट्यात मूळ गाण्याशिवाय काहीही उरत नाही. सगळा कचरा त्रिकोणी लहरीच्या आसपास, कानाच्या पलीकडे. कापणारा हात निर्दोष.

पण संन्यासी सुटला म्हणून चोर सापडतोच असे नाही. 1964 मध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी इंग्लंडमध्ये एक्स-10 नावाचा असा अ‍ॅम्प्लिफायर बाजारात आणला. कल्पना पक्की, पण त्या वेळचे ट्रान्झिस्टर एवढ्या चपळाईचे नव्हते. पुढे मॉसफेट हे वेगवान ट्रान्झिस्टर आले आणि एक खरा गुन्हेगार दिसू लागला, तो म्हणजे मधला मोकळा क्षण. वरचा आणि खालचा ट्रान्झिस्टर एकदम उघडले तर पुरवठ्याचे थेट शॉर्टसर्किट; म्हणून दोघांच्या मध्ये काही नॅनोसेकंद दोन्ही बंद ठेवतात. चार लाखांच्या गतीला एक फेरी 2500 नॅनोसेकंदांची. त्यात 25 गेले तर चूक शेकडा एक, आणि प्रवाहाची दिशा बदलली की चुकीचीही दिशा बदलते. गंमत म्हणजे अगदी हळू आवाजात ही चूक जवळपास नसते. स्पीकरचा प्रवाह कॉइलमधल्या चढउताराला ओलांडून गेला की मगच ती डोके वर काढते.

शिवाय साध्या क्लास डीत पुरवठ्याचा दाब हलला की गाणेही तेवढेच हलते. या दोन्हींवर उपाय म्हणून बाहेर पडलेला आवाज पुन्हा आत आणून मूळ गाण्याशी ताडायचा, म्हणजे फीडबॅक. ही कल्पनाही ब्लॅक यांचीच. 1927 मध्ये कामावर जाताना बोटीत सुचली आणि हातातल्या वर्तमानपत्रावरच त्यांनी टिपून ठेवली. कितीतरी वर्षे अभियंते असे धरून चालले, की कापाकापीऐवजी तिची सरासरी घ्यावी आणि फीडबॅकने सगळ्या चुका दबतात असे मानावे. कामचलाऊ हिशेबाला ते पुरते.

2005 मध्ये नॉटिंगहॅमचे स्टीफन कॉक्स यांनी ब्रूस कँडी यांच्यासोबत सरासरी न घेता एकेका पल्सचा हिशेब मांडला, आणि कुंपणच शेत खात असल्याचे दिसले. परत आणलेल्या आवाजात कापाकापीचे तरंग शिल्लक असतात. ते तुलनेच्या क्षणाला किंचित ढकलतात, आणि हे ढकलणे गाण्याच्या उंचीप्रमाणे बदलते. त्यातून मूळ सुराच्या तिप्पट कंपनांचा एक आगंतुक सूर ऐकू येणाऱ्या पट्ट्यात शिरतो. फीडबॅक नसता तर आदर्श यंत्रात तो नसताच! सरासरीच्या गणिताला हा चोर दिसणे शक्यच नव्हते, कारण ज्या तरंगांत तो लपला होता तेच तिने पुसून टाकले होते. मला या सगळ्या कथेत हीच जागा सर्वांत आवडते. दोघांनी तोडही सुचवली: त्रिकोणी लहरीलाच गाण्याप्रमाणे थोडा बाक द्यायचा. फीडबॅक काढून टाका, असे मात्र ते म्हणाले नाहीत.

हे सारे मी कारागिराला सांगू लागलो. त्याने ऐकून घेतले, झाकण उघडले आणि पुरवठ्यातल्या एका फुगलेल्या कपॅसिटरवर बोट ठेवले. तो बदलल्यावर आवाज स्वच्छ आला. क्लास डीला नावे ठेवणे मात्र त्याने अजून सोडलेले नाही.