बॅकअप

क्लोद मोनेनं १८७२ साली रंगवलेल्या ल हाव्र बंदरातल्या होड्या माझा वॉलपेपर आहेत. फोन फुटला तरी त्या शाबूत. आबालाल रहिमान यांनी मात्र १९२२ मध्ये शाहू महाराज गेल्यावर आपली कितीतरी चित्रं कोटीतीर्थात बुडवली, असं सांगतात. बॅकअप न ठेवता डिलीट? मला राग यायचा.

आजोबांची नजर गेल्यावर शिवाजी पेठेतल्या घरी मी त्यांना पेपर वाचून दाखवायचो, पुन्हा ऐकता यावं म्हणून रेकॉर्डही करायचो. ते गेले त्या रात्री सगळं पुसलं. ऐकणाराच उरला नव्हता. महिन्यानं बहीण म्हणाली, "त्यात मधेमधे त्यांचं हसू होतं रे."

आता आबालालांवर रागवत नाही. चित्र काढणाऱ्याचंच, खरंय. पण त्यात दुसऱ्याचं हसू अडकलेलं असतं. ते पुसायचा हक्क आपला असतो का?