खुणेचा भेद आणि गरजेचा भेद

विधवा प्रथांचा विषय निघाला की दोन सूर ठरलेले असतात. स्त्री-पुरुष सारखेच, मग तिला वेगळे नियम का, हा एक. दुसरा म्हणतो, बाई मुळातच वेगळी, आमच्या संस्कृतीने ते वेगळेपण जपलं, तुम्हाला तिचा पुरुष करायचाय. पहिला सूर अपुरा आहे; पण दुसरा जास्त घातक, कारण तो भेदाच्या आदराची भाषा बोलतो.

4 मे 2022 रोजी शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथांविरुद्ध ठराव केला. त्यामागची मोहीम करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाची, प्रमोद झिंजाडे यांच्या पुढाकाराची. करमाळा म्हणजे उजनी धरणाच्या पाण्याने गावं आणि जमिनी गिळलेला तालुका. तेव्हा भेद जपण्याचा दावा उजनीच्याच काठावर तपासून पाहू.

1980 मध्ये पूर्ण झालेल्या 117 टीएमसीच्या या धरणाने ज्या पट्ट्यात ऊस आणला, तिथे हंगामात बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतो नवरा. ती फेडतात दोघं. बाई पहाटे भाकऱ्या थापून फडात येते, वाढं बांधते, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीवर चढते. पाळी असो, पोटात मूल असो. खाडा झाला की दंड, तोही अख्ख्या कोयत्याला. खोपीला न्हाणी नाही, संडास नाही. 2019 मध्ये सरकारने नेमलेल्या समितीपुढे जी पाहणी आली, तिच्यात बीडच्या सुमारे 82 हजार ऊसतोड बायकांपैकी 13 हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं होतं.

यावर उत्तर येतं की हा गरिबीचा प्रश्न, संस्कृतीचा नाही. मला हे अजिबात मान्य नाही. ज्या घरात पाळी आलेली बाई देवघरापासून लांब बसते, त्याच घरच्या फडात पाळी आलेली मजूर बाई मोळी उचलते आणि तिची पाळी कुणाला दिसत नाही. शरीर तेच, रक्त तेच. कोणता भेद पाहायचा आणि कोणता नाही, हे गरिबी ठरवत नाही. ते रीत ठरवते. बाईचं वेगळेपण देवापाशी आठवतं आणि मजुरीपाशी विसरलं जातं, तेव्हा जपला जातो तो घराचा सोवळेपणा. बायकाच हे पाळतात, असंही सांगतात. पाळतात, न पाळल्याची किंमतही त्यांनाच मोजावी लागते.

लूस इरिगारे या तत्त्वज्ञ बाईंनी लिंगभेद हाच सर्वांत मूलभूत भेद मानला. स्त्री-पुरुषांनी एकमेकांचं वेगळेपण मानायला शिकावं, मग परक्या संस्कृतीबरोबर राहणंही जमेल, अशी त्यांची मांडणी. अर्धी मला पटते: कोयत्यात दोघांचं एक केल्यावर हरवते ती बाईच. पण बागायतदाराची सून आणि टोळीतली बाई या दोघींमधला भेद त्या मांडणीत मावत नाही. बहुसांस्कृतिकता बायकांच्या मुळावर येते का, हा सूझन ऑकिन यांचा प्रश्न तर संस्कृती आणि बाई यांना आधीच समोरासमोर उभं करतो. त्यात फार अडकू नये.

मी एवढाच फरक धरून आहे: खुणेचा भेद आणि गरजेचा भेद. खूण दुसरे लावतात किंवा पुसतात, आणि त्यातून बाई कुणाची हे कळतं. गरज तिची तिने सांगायची असते, आणि ती ऐकली तर कुणाला तरी खर्च येतो: न्हाणीचा, भरपगारी रजेचा, बाळंतपणाचा. विधवेला कुंकू ठेवू देणारा ठराव मोलाचा आहे, पण त्याचा विषय अजून खूणच आहे. खूण ठेवायची की नाही हेही तिनेच ठरवावं, इथवर तो यायला हवा.

आणि गरजेचा ठराव कोण मांडणार? टोळीतली बाई वर्षाचे पाच-सहा महिने या शिवारात राबते, पण इथल्या ग्रामसभेत तिला आवाज नाही. तिचं नाव बीडकडच्या मतदार यादीत. गावाची संस्कृती म्हणून जे काही मोजलं जातं, त्यात ती धरलेलीच नाही. ग्रामसभेने हंगामापुरतं तरी टोळ्यांतल्या बायकांना बोलावून त्यांचं म्हणणं नोंदवावं. त्याला कायद्याची आडकाठी नाही.