विस्मृती, प्रमाद आणि खिशातली चावी

चावी न फिरवता केवळ बटण दाबून सुरू होणाऱ्या मोटारींमुळे अमेरिकेत जे मृत्यू झाले, त्यांच्याकडे बहुधा अभियांत्रिकीचा किंवा नुकसानभरपाईचा विषय म्हणून पाहिले जाते. परंतु त्यांच्या मुळाशी नीतिशास्त्रातला एक जुना प्रश्न आहे, तो असा की विसरणे हा दोष आहे काय, आणि असल्यास तो नेमका कोणाचा.

या मोटारींची चावी म्हणजे रेडिओ संदेश पाठवणारे एक लहान उपकरण असते, ज्याला की-फॉब म्हणतात. ते खिशात असले की बटण दाबताच इंजिन सुरू होते. मात्र सुरू झालेले इंजिन फॉब दूर गेल्यावर बंद होईलच असे नाही. अमेरिकी उपनगरांतील गॅरेज पुष्कळदा घराला लागून असते आणि त्याचे एक दार थेट घरात उघडते. हायब्रिड मोटार विजेवर असताना इंजिनाचा आवाजच नसतो, त्यामुळे ती बंद आहे असे समजून मालक झोपायला जातो आणि बॅटरी उतरली की पेट्रोलचे इंजिन आपणहून चालू होते. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या २०० हून अधिक पट जोमाने जोडला जातो. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१८ साली घेतलेल्या शोधात २००६ पासून असे २८ मृत्यू आढळले होते.

ॲरिस्टॉटलने निष्काळजीपणातून आलेल्या अज्ञानाला शिक्षेस पात्र मानले, कारण काळजी घेणे त्या माणसाच्या हाती होते. बटण दाबायला चालक विसरला, तेव्हा दोष त्याचाच, हा युक्तिवाद याच वळणाचा आहे आणि तो वरवर बिनतोड वाटतो. आठवण होणे हे केवळ इच्छेवर अवलंबून असते असे मात्र तो गृहीत धरतो, आणि न्यायदर्शनाला हे गृहीतक मान्य होण्यासारखे नाही. नैयायिकांच्या मते स्मृती हे संस्कारातून उपजणारे ज्ञान आहे. संस्कार, म्हणजे पूर्वानुभवाने मागे ठेवलेला ठसा, एरवी सुप्त असतो आणि त्याला जागे करणारे निमित्त, ज्याला उद्बोधक म्हणतात, ते लाभल्याशिवाय स्मृती उद्भवत नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात अशा निमित्तांची लांबलचक यादी आहे आणि तीत अभ्यास, चिन्ह व आनंतर्य, म्हणजे एका कृतीमागोमाग दुसरी येण्याचा क्रम, यांचाही समावेश आहे. गाडी थांबवणे, चावी फिरवणे, ती काढून खिशात टाकणे आणि उतरणे या साखळीत धातूची चावी हे असेच निमित्त होते.

त्याहून गंभीर गोष्ट अनुमानाची आहे. जुन्या मोटारीत इंजिन बंद केल्याखेरीज चावी सहसा निघतच नसे, त्यामुळे खिशातली चावी हा इंजिन बंद असल्याचा भरवशाचा हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार ठरत असे. दोहोंमधील नियत साहचर्य, ज्याला व्याप्ती म्हणतात, ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने पक्के झाले होते. नव्या रचनेने चावी खिशात ठेवली आणि व्याप्ती मोडली. साध्याला सोडूनही आढळणाऱ्या अशा हेतूला नैयायिक सव्यभिचार हेत्वाभास म्हणतात. तेव्हा चालक निव्वळ विसरला असे म्हणणे अपुरे आहे. त्याने एक अनुमान केले, आणि त्याचा आधार निर्मात्याने त्याच्या नकळत काढून घेतला होता.

नकळत हे चालकाच्या बाजूने खरे. निर्मात्यांना धोका ठाऊक नव्हता असे म्हणता येत नाही. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०११ सालीच अशा मोटारींत मोठ्या आवाजाचा इशारा सक्तीचा करण्याचा प्रस्ताव मांडला होता आणि त्याचा खर्च संपूर्ण उद्योगासाठी वर्षाला पाच लाख डॉलरपेक्षा कमी असल्याचा अंदाज दिला होता. मोटार उद्योगाने विरोध केला आणि प्रस्ताव रेंगाळला. काही कंपन्यांनी स्वतःहून ठरावीक वेळाने इंजिन बंद होण्याची सोय केली, त्यामुळे ती अशक्य होती असेही म्हणता येत नाही.

येथे जैन विचार उपयोगी पडतो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्राणहानीला प्रमादाची, म्हणजे बेसावध वृत्तीची, जोड दिली आहे. टीकाकार त्यातून असे फलित काढतात की प्रमाद असेल तर प्रत्यक्ष कोणी मेले नाही तरी दोष लागतो, आणि सावधपणे वागणाऱ्याच्या पायाखाली जीव गेला तरी त्याला हिंसेचा बंध होत नाही. दोन चालक सारखेच विसरले, एकाची गाडी उघड्या अंगणात होती आणि दुसऱ्याची बंद गॅरेजात, तर त्यांच्या नैतिक दोषात अंतर पडते काय, या पेचाला १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी नैतिक दैव असे नाव दिले. जैन कसोटीवर हे अंतर उरत नाही. तीच कसोटी निर्मात्याला लावली, तर इशाऱ्यावाचून विकलेली आणि कधीच कोणाचा जीव न घेतलेली मोटारही त्याच्या खात्यात जमा होते, आणि मृतांच्या आकड्यावरून भरपाई ठरवणाऱ्या न्यायालयाकडे ती मोजण्याचे साधन नाही.