डबी नवी, घड्याळ कुणाचे?

आजीची पैठणी जपायची आणि आजीचे पितळी पातेले वापरायचे, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. पैठणी वापरली की विरते, पातेले ठेवून दिले की काळे पडते. पंचाईत होते ती ठेवल्यानेही बिघडणाऱ्या आणि वापरल्यानेही झिजणाऱ्या वस्तूची. चावीचे, साखळीचे, खिशातले घड्याळ ही तशी वस्तू आहे. वर्षानुवर्षे बंद ठेवले तर आतले तेल घट्ट होऊन चिकटते. रोज चालवले तर चाकांच्या आसांची टोके झिजतात. कपाटातही ते मरते आणि खिशातही. शिवाय ते ठेवायला लागणारे जाकिटाचे खिसे आता उरले आहेत कुठे?

या पेचावर एक तिसरा मार्ग आता बराच रुळला आहे. खिशातल्या घड्याळाचे ‘मशीन’ (दुकानात सगळे त्याला मशीनच म्हणतात) बाहेर काढायचे, धुऊन-पुसून तेल द्यायचे आणि पट्ट्यासाठी कान असलेल्या पोलादी डबीत बसवायचे. शंभर वर्षांचे यंत्र आजच्या मनगटावर टिकटिकू लागते. हे करावे की नाही, असा प्रश्न आमच्या घरात उभा राहिला, आणि तो वाटला होता तितका घड्याळापुरता निघाला नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. मनगटी घड्याळ हे जन्मानेच खिशातल्या घड्याळाचे रूपांतर आहे. १८९९ ते १९०२ या बोअर युद्धात शिपाई खिशातली घड्याळे चामड्याच्या पट्ट्यात अडकवून मनगटाला बांधत. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत ती सोय इतकी पटली की त्याआधी बायकांचा दागिना मानले जाणारे मनगटी घड्याळ पुरुषांच्या हातावर कायमचे आले. १९३९ साली पोर्तुगालच्या दोन व्यापाऱ्यांनी आय.डब्ल्यू.सी. या स्विस कंपनीकडे अतिशय अचूक अशा मनगटी घड्याळांची मागणी केली. कंपनीने सरळ आपले खिशातल्या घड्याळाचे मशीन मोठ्या डबीत बसवून दिले. ती घड्याळे आज ‘पोर्तुगीझर’ या नावाने प्रसिद्ध आहेत. तेव्हा ‘हे भ्रष्ट आहे’ असे म्हणून हा विषय निकालात काढता येत नाही.

पण ‘काय हरकत आहे?’ असे म्हणूनही तो सुटत नाही. खिशातल्या घड्याळाला मनगटाचे हिसके ठाऊक नसतात. धक्का सोसणारी ‘इन्काब्लॉक’सारखी योजना १९३० नंतरच्या दशकातली, त्याआधीच्या यंत्रात तोलचाकाचा केसासारखा बारीक आस एका आपटण्याने मोडू शकतो. काही कारागीर मशीन नव्या डबीत बसावे म्हणून त्याची मूळ कडा कानशीने घासतात. काही जण अस्सल तबकडी टाकून देऊन वर एखादे मोठे नाव रंगवतात. मुंबईत नव्याने रंगवलेल्या तबकड्यांची ‘जुनी’ घड्याळे संग्राहकांत पुरेशी बदनाम आहेत. आणि सगळ्यांत मोठे नुकसान मशीनचे नव्हे, डबीचे होते. सोन्याच्या डबीला भाव वजनाचा येतो. ती वितळली की तिच्या झाकणाच्या आत पिढ्यान्‌पिढ्यांच्या घड्याळजींनी सुईच्या टोकाने कोरलेल्या दुरुस्तीच्या खुणा आणि तारखाही वितळतात. त्या बारीक ओरखड्यांत घड्याळाचे अख्खे चरित्र असते.

आमच्या घरातले मशीन असेच पोरके होते. आजोबा होळकर संस्थानाच्या दफ्तरात कारकून. त्यांच्या सासऱ्यांनी दिलेल्या स्विस घड्याळाची सोन्याची डबी १९४३ साली आत्याच्या लग्नासाठी आजीने सराफ्यात मोडली. मशीन, तबकडी आणि काटे रुमालात बांधून परत आले, आणि एका कुंकवाच्या डबीत जाऊन बसले. पुतण्याने ते बाहेर काढले. त्याला ते मनगटावर हवे होते.

वहिनी म्हणाल्या, “डबी नसणं हीच त्या घड्याळाची गोष्ट आहे. आजेसासूबाईंनी काय मोडलं ते त्या उघड्या मशीनकडे बघून कळतं. तू त्यावर चकचकीत डबी चढवलीस की ते झाकलं जाईल.”

पुतण्या म्हणाला, “आई, गेल्या तीस वर्षांत तू ती कुंकवाची डबी कितीदा उघडलीस?”

वहिनी गप्प झाल्या. पण मला त्यांचा मुद्दा हरलेला वाटला नाही. अभाव हीसुद्धा एक वस्तू असते. दुसऱ्या बाजूला, जी आठवण कुणी उघडून पाहत नाही, ती जपली जाते असे तरी कसे म्हणावे?

नागसेनाने मिलिंद राजाला रथाविषयी विचारले होते: आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? शेवटी ठरले ते असे, की सगळे भाग जुळून आले म्हणजे त्यांना व्यवहारात दिलेले नाव म्हणजे रथ. हे उत्तर चोख आहे, पण आमच्या कामाचे अर्धेच आहे. घड्याळ तेच राहील का, यापेक्षा त्या घड्याळाचे आपण देणे काय लागतो, हा आमचा प्रश्न होता. गीतेतला जीर्ण वस्त्रांचा दृष्टांतही घाईने लावण्यात अर्थ नाही. मशीन म्हणजे आत्मा आणि डबी म्हणजे वस्त्र, असे कुणी ठरवले? आमच्या घरात त्याग केला तो डबीने.

मला वाट सापडली ती होळकरांच्याच इतिहासात. अहिल्याबाईंनी १७८३ साली सोमनाथला मंदिर बांधले ते जुन्या भग्न मंदिरापासून थोड्या अंतरावर, वेगळे. पूजा सुरू झाली आणि भग्नावशेष आपली साक्ष देत उभे राहिले. उलट, आमचा राजवाडा पाहा. खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे. १९८४ च्या दंगलीत आगीने त्याचा मागचा भाग गिळला. त्याची राख जपण्यात काही अर्थ नव्हता; पुढे तो भाग जुन्या धर्तीवर पुन्हा उभारला गेला. मोडलेले पुन्हा उभारावे, हे दोन्हीकडे खरे आहे. मात्र नव्याने जुन्याची जागा बळकावू नये आणि आपण जुने असल्याचे सोंग आणू नये.

यावरून माझ्यापुरते तीन नियम निघाले. जे घड्याळ आपल्या डबीसह पूर्ण आहे, ते फोडू नये. त्याला चावी देऊन सणावारी चालवावे आणि पुन्हा ठेवावे. जे आधीच पोरके झाले आहे, त्याला घर द्यावे. पण असे, की उद्या कुणाला त्यातून ते जसेच्या तसे बाहेर काढता यावे. कानस लावायची नाही, तबकडी रंगवायची नाही. आणि तिसरे, नव्याने आपले नवेपण लपवू नये.

हे बोलायला सोपे होते. आम्ही ज्याला घडीसाज म्हणतो आणि तुमच्याकडे घड्याळजी म्हणतात, त्या कारागिरापुढे मशीन ठेवले तेव्हा खरी अडचण कळली. त्याने सांगितले, की उघड्या तोंडाच्या खिशातल्या घड्याळात चावी बारावर असते आणि सेकंदाचा छोटा काटा सहावर. मनगटी घड्याळाची चावी तीनवर हवी. मशीन फिरवून बसवले तर सेकंदकाटा नऊवर जातो आणि जुन्या तबकडीवरचे बारा तीनच्या जागी येतात. म्हणजे नवी तबकडी करावी लागेल. नाहीतर चावी पट्ट्याच्या तोंडाशी बारावर राहील, बेढब दिसेल आणि रोज चावी द्यायला घड्याळ हातातून काढावे लागेल. पुतण्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “बारावरच राहू द्या.” त्या क्षणी वहिनींचा निम्मा विरोध मावळला. जुन्याने आपल्या सोयीप्रमाणे वळावे असा आग्रह न धरता त्याच्यासाठी थोडी गैरसोय पत्करणे, याला मी तरी वारसा म्हणतो. उरलेला निम्मा विरोध वहिनींनी अट घालून मागे घेतला: नव्या डबीवर आजोबांचे नाव कोरायचे नाही. डबी त्यांची नाही. डबीच्या आत फक्त दोन साले कोरायची, जुनी मोडली ते आणि नवी घातली ते. तसे झाले. घड्याळ पन्नास मिलिमीटरच्या आसपास झाले, पुतण्याच्या मनगटाला अंमळ मोठेच.

बेळगाव-निपाणीकडच्या वाचकांना हे सांगण्याचे कारण निराळे आहे. आमच्या गावाचे नावच दोन डब्यांत राहते: मराठीत इंदूर, हिंदीत इंदौर. इथे १९१७, १९३५ आणि २००१ साली मराठी साहित्य संमेलने भरली; तरी आमची नातवंडे मराठी बोलतात ती हिंदीच्या डबीत बसवलेली. तुमची कदाचित कानडीच्या. त्यांना हसून गप्प केले की मराठी कुंकवाच्या डबीत जाते, शुद्ध आणि बंद. आणि ‘चालतंय तेवढं पुरे’ म्हटले की कानस चालते, एकेक दाता घासला जातो आणि एक दिवस तबकडीवर नुसते नाव उरते. मुलांनी नवी डबी खुशाल घालावी. पण चावी बारावर ठेवण्याची, एखादा अडणारा जुना शब्द तसाच वापरण्याची गैरसोय सोसावी, एवढे तरी आपण त्यांच्याकडे मागू शकतो. ते मागताना आपणही घरात रोज चावी दिली पाहिजे, हे ओघानेच आले.

घड्याळ वेळ दाखवते म्हणतात, पण कोणती वेळ हे त्याला सांगावे लागते. इंदूरचा सूर्य भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे साडेसव्वीस मिनिटे मागे चालतो, आणि मुंबईने तर आपली एकोणचाळीस मिनिटे मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. काटे प्रत्येक पिढीने आपल्या वेळेला लावायचेच असतात. त्यासाठी यंत्र मात्र शाबूत मिळाले पाहिजे, आणि ते कुणी, काय मोडून आपल्यापर्यंत पोचवले, हे डबीच्या आत कुठेतरी लिहिलेले असले पाहिजे.