पाना कुठनं घालायचा?

गोष्ट गोष्टीसारखी ऐकावी. हिच्यातली गावं खरी, सनावळ्या खऱ्या, किर्लोस्कर-महिंद्रा-लोहार ही माणसंही खरी. बाकीची गोष्टीतली.

कडेगाव तालुक्यात, कऱ्हाड-विटा रस्ता सोडून आत गेलं की लागणाऱ्या एका गावात तात्या राहत. धंदा सुतारकीचा, पण हात लोखंडावरही बसलेला. उभी हयात शर्यतीचे छकडे बांधण्यात गेली. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतल्या मैदानात त्यांचा छकडा पळाला की नंबर कितवाही येवो, माणसं चाकं बघायला वाकायची. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली आणि तात्यांचा रंधा भिंतीला टांगला गेला. २०२१ च्या डिसेंबरात शर्यतींना परत परवानगी मिळाली, तोवर तात्यांची नजर अधू झाली होती. शेड मात्र मोकळंच होतं.

त्याच महिन्यात शेजारच्या देवराष्ट्र्याचं नाव देशभर झालं. हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. ते १९१३ मध्ये जन्मले तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला, १९६० मध्ये त्याचं सांगली झालं, आणि गाव जागचं न हलता जिल्हा पालटला. तर या गावातल्या दत्तात्रय लोहार यांनी जुन्या गाड्यांच्या भंगारातून, साधारण साठ हजार रुपयांत, पोराच्या हौसेखातर एक छोटी जीप बांधली. चालू करायला दुचाकीसारखी किक. तिचा व्हिडिओ आनंद महिंद्रांपर्यंत पोचला. ते म्हणाले, गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या कुणीतरी अडवणारच. ती आम्हाला द्या, बदल्यात बोलेरो घ्या. जानेवारी २०२२ मध्ये अदलाबदल झालीसुद्धा.

पंचक्रोशीतल्या निम्म्या पोरांच्या डोक्यात तेव्हापासून चाकं फिरायला लागली. तात्यांचा नातू त्यातलाच एक. तो इंजिनिअरिंगला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होता आणि कॉलेजच्या ‘बाहा’ संघात शिरला होता. हा खेळ मूळचा अमेरिकेचा. १९७६ मध्ये साउथ कॅरोलिना विद्यापीठात सुरू झाला आणि २००७ पासून आपल्याकडे इंदूरजवळच्या पीथमपूरला होऊ लागला. पोरांनी एका माणसाची, खाचखळग्यांतून पळणारी गाडी स्वतः बांधायची. इंजिन सगळ्यांना सारखंच, दहा अश्वशक्तीच्या आसपासचं. त्याला हात लावायचा नाही. त्यामुळे जो काही फरक पडायचा तो सांगाड्यात, चाकांत आणि डोक्यात. शेवटच्या दिवशी चार तासांची शर्यत: दगड, चिखल, उड्या, आणि जो टिकेल तो.

कॉलेजचं वर्कशॉप पाचला बंद व्हायचं. म्हणून गाडी तात्यांच्या शेडमध्ये आली.

संघाचा कॅप्टन साताऱ्याचा. हुशार, नीटनेटका, कागदावर रेघ ओढली तरी ती देखणी यायची. वाळव्याकडचा एक ऊसवाल्याचा पोरगा होता, तालमीत वाढलेला. त्याला सगळे पैलवान म्हणत. त्याची बोटं इतकी जाड की मोबाइलवर एक अक्षर दाबलं की तीन उमटायची. आणखी पाच-सहा जण होते. कॅप्टनने दोन महिने संगणकावर बसून सांगाडा आखला होता. पुढच्या चाकांची जोडणी, स्टिअरिंग, ब्रेकच्या नळ्या, सगळं एकमेकांत असं बसवलं होतं की मध्ये बोट जायला जागा नाही. गाडी जेवढी आटोपशीर तेवढी हलकी, आणि हलकी तेवढी चपळ. हिशोब चुकीचा नव्हता.

तात्या शेडच्या दाराशी स्टुलावर बसून असायचे. वेल्डिंगची ठिणगी उडाली की मान वळवायची, ग्राइंडर सुरू झाला की कानावर उपरणं ओढायचं. एके संध्याकाळी पुढच्या डाव्या चाकाची जोडणी पुरी झाली. चाक वळवणाऱ्या टाय रॉडचा बोल्ट सांगाड्याच्या नळीमागे गेला होता आणि त्यावर कोपरा मजबूत करायला त्रिकोणी पत्री मारलेली होती. वेल्डिंग इतकं सुबक की मणी ओवल्यासारखं. पोरांनी तात्यांना हात धरून जवळ नेलं. म्हाताऱ्याने बोटं फिरवून पाहिलं, पत्रीची कड चाचपली, नळीमागे हात घातला. तो मनगटाशी अडकला.

“झ्याक केलंय. पण ह्यो बोल्ट तुटला, तर पाना कुठनं घालायचा?”

“तुटणार नाही तात्या,” कॅप्टन म्हणाला. “संगणकावर भार टाकून बघितलाय. लागतं त्याच्या दुपटीहून जास्त ताकद आहे त्याच्यात.”

“न्हाई, तसं न्हवं. तुटला तर?”

“तुटणारच नाही ना.”

“बरं,” तात्या म्हणाले आणि स्टुलावर जाऊन बसले.

नातवाला मात्र झोप लागली नाही. सकाळी त्याने आजोबांना छेडलं, तेव्हा तात्यांनी त्याला परसात नेलं. तिथे एक जुना छकडा उलटा पडला होता. आसाच्या टोकाला असलेली खीळ तात्यांनी दोन बोटांनी उपसली, चाक बाहेर ओढलं आणि पोराच्या मांडीला टेकवलं. “हे एवढंच हाय. मैदानात चाक बिघडलं, तर बैलं जुपलेली असताना दुसरं चढवता आलं पायजे. खीळ लपवून घातली असती तर छकडा जास्त चांगला दिसला असता. आमास्नी बी दिसत हुतं की ते.”

तात्यांचे वडील किर्लोस्करवाडीच्या फौंड्रीत होते, त्यामुळे घरात लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या गोष्टी रामायणासारख्या चालत. लक्ष्मणरावांनी सुरुवात कारखान्याने केली नव्हती. १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान घातलं. विकायच्या, शिकवायच्या, मोडल्या तर दुरुस्त करायच्या. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली आणि औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात कुंडलजवळ माळरान दिलं. १९१० मध्ये तिथे नांगराचा कारखाना उभा राहिला. लोखंडाने रान नासतं अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत; त्याआधी पहिला नांगर विकायलाच दोन वर्षं गेली होती म्हणतात. तात्यांना या सगळ्यातला नांगर कधीच फारसा आवडला नाही, सायकलचं दुकान आवडायचं. ज्याने दुसऱ्याने बांधलेली वस्तू शंभरदा खोलली आहे त्याने नवी बांधावी, एवढंच त्यांचं शास्त्र होतं. देवराष्ट्र्याच्या जीपचं त्यांना कौतुक होतं तेही याच कारणाने. लोहाराकडे वस्तू येते ती मोडूनच.

नातवाने हे संघापुढे मांडलं. पण मांडताना त्याने चूक केली, “आजोबा म्हणतात” अशी सुरुवात केली. पोरं हसली. मग त्याने नियमपुस्तक काढलं. त्यात लिहिलं होतं की पट्टे बांधून बसलेला चालक पाच सेकंदांत गाडीबाहेर पडला पाहिजे. “स्पर्धावाले गाडी उलटणार नाही असं म्हणत नाहीत. उलटली तर, असं म्हणतात. माणूस पाच सेकंदांत निघतो, तर बोल्ट निदान पाच मिनिटांत निघायला नको?”

मुद्दा कॅप्टनला पटला होता, असं मला वाटतं. पण पत्री कापायची म्हणजे सांगाड्याचा सगळा हिशोब परत करायचा, वर दोन-तीन किलो वजन वाढवायचं, आणि दिवस थोडे उरलेले. शिवाय ते वेल्डिंग त्याने स्वतः केलं होतं. माणूस तर्काला लवकर नमतो, स्वतःच्या हातच्या सुबक कामापुढे मात्र त्याचं काही चालत नाही. तो म्हणाला, “आधी माळावर चालवून बघू.”

अशी गाडी रस्त्यावर आणता येत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून माळावर नेली. मुरूम, ओघळी, बांधावरून उड्या. पैलवानाने तिला दोन दिवस अशी पिदवली की माळावरची मेंढरं पार टेकडीपल्याड गेली. काही मोडलं नाही. एक नट ढिला झाला, तोही हाताला सहज येणारा. हेच वाईट झालं. त्या दिवसापासून बोल्टचा विषय काढणारा माणूस अपशकुनी ठरायला लागला.

पीथमपूरला गाडीची तपासणी एका फटक्यात पास झाली. चारही चाकं एकदम आवळून दाखवायची ब्रेकची परीक्षा झाली. चालक चार सेकंदांत बाहेर आला. परीक्षकांनी वेल्डिंगवरून बोट फिरवलं आणि कुणी केलं म्हणून विचारलं. कॅप्टनचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता.

चार तासांच्या शर्यतीत दीड तास गाडी पहिल्या फळीत पळाली. मग एका उडीनंतर पुढचं डावं चाक स्वतःच्या मर्जीने वळायला लागलं. टाय रॉडचा बोल्ट कापला गेला होता. हिशोब खोटा ठरला का? तसंही नाही. उडीनंतर गाडी दगडावर एका चाकाने, तिरकी आदळली होती. तसा भार संगणकाला कुणी सांगितलाच नव्हता. जमिनीला काय, ती विचारून मारत नाही.

गाडी ओढून दुरुस्तीच्या जागी आणली. चाळीस-पन्नास रुपयांचा बोल्ट, जोडीला दुसरा तयार. पैलवानाचा हात नळीमागे शिरेना. कॅप्टनचा शिरला, पण गोटी पाना बसवायला जागा नव्हती. साधा सोळा-सतराचा पाना कसाबसा लागला, तो बोटभर फिरायचा आणि पत्रीला अडायचा; मग काढायचा, उलटा करायचा, परत बसवायचा. आत तुटक्या बोल्टचा अर्धा तुकडा. सीट काढली, तळाचा पत्रा काढला, ब्रेकची नळी सोडवली, ती सोडवली म्हणून तेल गळालं. कॅप्टनच्या बोटांची सालं निघाली तरी तो दुसऱ्या कुणाला हात लावू देईना.

शेजारी दुसऱ्या एका कॉलेजची गाडी होती. दिसायला भंगारवाल्याच्या दारात शोभेल अशी. नळ्या उघड्या, बोल्ट बाहेर आलेले, एका ठिकाणी चक्क दाराची कडी लावलेली. ती गाडी त्या दुपारी तीनदा मोडून आली. पोरं चहू बाजूंनी तिच्यावर तुटून पडायची, काहीतरी उपसायची, काहीतरी ठोकायची, आणि तिला परत मैदानात ढकलायची. तिसऱ्या वेळी त्यांच्यातला एक जण आमच्या पोरांकडे येऊन विचारून गेला, “काही लागतंय का?”

बोल्ट बसला तेव्हा झेंडा पडून शर्यत संपली होती.

गाडी परत शेडमध्ये आली. कुणी काही बोललं नाही, तात्याही बोलले नाहीत. “मी सांगत हुतो” हे वाक्य ज्याला गिळता येतं तो म्हातारा भला म्हणायचा. त्यांनी फक्त तुटका बोल्ट मागून घेतला, डोळ्याशी नेऊन त्याची तुटलेली कड बराच वेळ पाहिली, आणि बोल्टाची जात चांगली होती, एवढंच म्हणाले. मग पैलवानाला जवळ बोलावून त्याचा पंजा आपल्या हातात घेतला आणि उलटासुलटा करून बघितला.

“पुढच्या साली ह्याच्या हातानं मापं घ्या.”

पोरांना वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. तो करत नव्हता. दुसऱ्या दिवशी पैलवानाला वेल्डिंगचे चामडी हातमोजे घालायला लावले, वर चिखल फासला, आणि नातवाने मोबाइलवर घड्याळ लावलं. गाडीतला प्रत्येक नट पैलवानाने पाच मिनिटांच्या आत खोलून दाखवायचा. जिथे त्याचा पंजा अडेल तिथे गाडी चुकली असं धरायचं. इंजिनचे बोल्ट निघाले. मागची चाकं निघाली. साखळीवरचं झाकण सात मिनिटांवर गेलं, त्यावर खडूने फुली पडली. एकेक फुली वाढत गेली. तात्या स्टुलावरून मोजत होते आणि दर फुलीला तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवत होते.

शेवटी पुढचं डावं चाक आलं. पैलवानाने हात घातला, मनगटाशी अडला, आणि तो कॅप्टनकडे बघायला लागला.

कॅप्टनने खडू घेतला नाही. त्याने बोर्डात ग्राइंडरची पिन खुपसली, नवी कटिंग डिस्क चढवली, चष्मा डोळ्यांवर ओढला. “ती पत्री धर,” तो पैलवानाला म्हणाला, “नाहीतर तुटून पायावर पडंल.”