‘आमची टाकी भरतच नाही’

आमच्या मूर्तिजापुरात नालीचं पाणी लोकांच्या दारात आलं, त्यावरून आठवडाभर जे बोलायचं ते गावात बोलून झालं. मला राग आला तो एका वाक्याचा. त्याच नालीच्या काठावर, नाकाला रुमाल लावून एक गृहस्थ सांगत होते, "वीस वर्स झाले भाऊ, आपली संडासची टाकी एकदाबी उपसा नाही लागली. भरतच नाही!" आजूबाजूचे चौघे माना डोलवत होते. एकाने तर टाकी बांधणाऱ्या मिस्त्रीचं नाव विचारून घेतलं.

हे वाक्य मूर्तिजापुरात इतक्या घरांत ऐकलं आहे की आता गप्प बसवत नाही. टाकी भरत नाही म्हणजे काय? सेप्टिक टँक वापरात आली की थोड्याच दिवसांत पाण्याने भरते आणि पुढे कायम भरलेलीच राहते. वरून जेवढं पाणी आत जातं, तेवढंच पलीकडच्या पाईपातून बाहेर पडतं. जड मैला तळाला बसावा, तेलकट थर वर तरंगावा आणि मधलं निवळ पाणी तेवढं शोषखड्ड्याकडे जावं, एवढ्यासाठीच ती बांधलेली असते. तळाचा गाळ कुजून कमी होतो, पण संपत नाही. तो वर्षागणिक चढतो. निवळ पाण्याची जागा त्याने खाल्ली की नवा मैला आत थांबतच नाही, तसाच पुढे निघतो. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसायची असते. जी टाकी वीस वर्षं ‘भरली नाही’, तिच्यात जाईल ते सगळं पलीकडून वाहून चाललेलं आहे. कुठे? ज्या नालीच्या काठावर ते गृहस्थ रुमाल लावून उभे होते, तिच्यात.

यावर उत्तर ठरलेलं असतं. "आपली जमीन पिऊन घेते ना!" कोणती जमीन? पूर्णेच्या खोऱ्यातली ही काळी माती? शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला माणूस हे बोलतो तेव्हा मला खरोखर नवल वाटतं. झड लागली की वावर आठ-आठ दिवस वाफशावर येत नाही, डवरणी थांबते, बांधावरून पाय खाली टाकता येत नाही, हे त्याला पाठ असतं. आणि घरामागच्या शोषखड्ड्याभोवतीची तीच माती मात्र पावसाळाभर पाणी पिते, असं तो छातीठोक सांगतो. ओली काळी माती फुगते आणि पाणी घेईनाशी होते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, तेव्हा तेच पाणी न गाळता खाली उतरतं, आणि खाली कुणाची तरी विहीर असते, कुणाचं तरी बोअर असतं. मग म्हणतात, इथलं पाणी तसंही खारं, पितं कोण? खारपाणपट्ट्यात राहिलं म्हणून जमिनीत मैला सोडायची मोकळीक मिळत नाही. त्याच पाण्याने भांडी घासली जातात, लेकरांच्या आंघोळी होतात.

बाकीच्या सबबींना फार वेळ देत नाही. टाकी उपसणारी गाडी बोळीत शिरत नसेल तर लांब पाईपाची बोलवावी. पैसे लागतात, हे खरं आहे. घराला रंग द्यायलाही लागतात.

फरशीवरचा माझा राग मात्र जुना आहे. अंगणात टाईल्स बसवताना टाकीचं झाकणही त्याखाली गाडून टाकायचं, ही पद्धत कुणी काढली? टाकी वायव्येला आली की नाही, हे घर बांधताना वास्तुवाल्याला पैसे देऊन विचारलं जातं. शेवटची कधी उपसली, हे विचारलं तर घरात कुणालाच सांगता येत नाही. दिशा बरोबर आली की कर्तव्य संपलं, अशी समजूत झाली आहे.

आणि मग एक दिवस संडासातून पाणी उलटं येतं. फरशी फुटते, गाडी येते, वरचं पाणी ओढून घेते आणि तळाशी वीस वर्षांचा घट्ट गाळ तसाच राहतो. तो पाईपाने ओढला जात नाही. तेव्हा कुणीतरी म्हणतं, "एखादा माणूस उतरवा." हा माणूस कोणत्या वस्तीतून बोलावला जातो, हे आपल्यापैकी कुणाला सांगायला नको. तो आत उतरतो कारण आपण वीस वर्षं झाकण उघडलं नाही.

टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो, मिथेन असतो, ऑक्सिजन कमी असतो. हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात, भाऊचा तांडा शिवारात असेच पाच मजूर गेले. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीच्या एका खासगी सोसायटीच्या टाकीत तिघे गेले. त्यांच्या विधवांना न्यायालयात जावं लागलं, तेव्हा २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रत्येकी दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूंची भरपाई तीस लाख केली. संरक्षक साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा फक्त सरकारी खात्यांसाठी नाही, घरमालकालाही तो लागू आहे. "तो स्वतःच तयार झाला" या वाक्याला कायद्यात जागा नाही. माझ्या लेखी माणुसकीतही नाही. संध्याकाळी घरी पीठ न्यायचं आहे म्हणून झालेल्या होकाराला आपण मर्जी म्हणू नये.

आपल्याच मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात गाडगेबाबा मामाकडे वाढले. त्यांच्या नावाने गावोगाव खराटे निघतात आणि रस्ते झाडले जातात. झाडावेत. पण बाबांनी घाण स्वतःच्या हाताने उचलली. आपण रस्ता झाडतो आणि घरातली घाण पाईपाने शेजाऱ्याच्या दारापर्यंत पोचवतो.

वाईत आणि सिन्नरमध्ये नगरपरिषदांनी ठरवून टाकलं आहे की तक्रारीची वाट पाहायची नाही. तीन वर्षांत प्रत्येक घराची पाळी येते, गाडी येते, टाकी उपसते आणि मैला प्रक्रिया केंद्रावर जातो. गाळ घट्ट व्हायच्या आतच निघतो, त्यामुळे कुणाला आत उतरवायची वेळ येत नाही. त्या गावांतली माणसं आपल्यापेक्षा थोर आहेत असं मला वाटत नाही. तिथे फक्त पाळी ठरलेली आहे.

आपल्याकडे ती ठरेपर्यंत निदान एवढं करता येईल. गाडी बोलवाल तेव्हा पैसे देण्याआधी गाडीवाल्याला विचारा, हे कुठे रिकामं करणार? तो हात करून गावाबाहेरची दिशा दाखवील. कोणता नाला, कुणाचं वावर, नाव घेऊन सांग म्हणा. एका घराने विचारलं तर तो चिडेल. वीस घरांनी विचारलं तर हाच प्रश्न घेऊन तो स्वतः नगरपरिषदेच्या पायऱ्या चढेल.