दाराशी आलेला शेजारी

गेल्या आगमनकाळातील एक संध्याकाळ. नाताळच्या गोठ्यासाठी मागवलेल्या दिव्यांच्या माळा त्या दिवशी यायच्या होत्या. साडेआठच्या सुमारास घंटा वाजली. दार उघडून पाहतो तो पाठीवर भलीमोठी पिशवी घेतलेला आमच्याच गायकवृंदातला एक तरुण समोर उभा. दसऱ्यापासून तो सरावाला फिरकला नव्हता. दोनच रविवारांपूर्वी, नाव न घेता परंतु सर्वांना कळेल अशा शब्दांत, मी वेदीवरून म्हटले होते की आजच्या तरुणांना मोबाईलसाठी वेळ आहे, देवासाठी नाही. मला पाहताच तो ओशाळला. वस्तुतः ओशाळायला हवे होते ते मी. "फादर, सेल चालू आहे. नाताळपर्यंत रोज असंच," एवढेच तो म्हणाला. पाणी विचारले तर नको म्हणाला. अजून पंचवीस घरे बाकी होती.

पार्सल मेजावर ठेवून मी बराच वेळ त्याकडे पाहत राहिलो. सहा माळा होत्या. बाजारापेक्षा माळेमागे सत्तर रुपये कमी पडले म्हणून मी त्या मोबाईलवरून मागवल्या होत्या. ह्यापूर्वी गोठ्याच्या माळा आम्ही बाजारातील एका जुन्या दुकानातून घेत असू. त्या दुकानाचे मालक अन्यधर्मीय. परंतु दर वर्षी "ही बाळ येशूसाठी" म्हणून एक माळ ते पदरची घालीत. ते सारे विसरून मी चारशेवीस रुपये वाचवले होते. धर्मग्रामाचा पैसा जपून वापरला, असे समाधानही मला वाटले होते. आता मात्र एक प्रश्न मनात घर करून बसला. मी न दिलेले ते चारशेवीस रुपये मग कोणी भरले?

ह्या 'सेल'च्या मोसमाचे माहेरघर अमेरिका. तेथे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग, म्हणजे कृतज्ञतेचा सण पाळतात आणि दुसऱ्या दिवसापासून नाताळच्या खरेदीला प्रारंभ होतो. व्यापाराचा हात ह्या सणाच्या तारखेपर्यंतही पोहोचल्याचे इतिहास सांगतो. १९३९ साली नोव्हेंबरात पाच गुरुवार आले. प्रथेप्रमाणे शेवटच्या गुरुवारी सण झाला तर नाताळच्या विक्रीला दिवस कमी पडतील, अशी तक्रार व्यापाऱ्यांनी केली आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनी सण एक आठवडा अलीकडे आणला. काही राज्यांनी तो बदल मानला, काहींनी मानला नाही. अखेर १९४१ साली कायद्याने चौथा गुरुवार निश्चित झाला. त्यापुढच्या शुक्रवारला 'ब्लॅक फ्रायडे' हे नाव रूढ झाले ते फिलाडेल्फियाच्या पोलिसांमुळे. १९५० आणि १९६० च्या दशकांत त्या दिवसाच्या गर्दीला व वाहतुकीच्या कोंडीला वैतागून ते तसे म्हणू लागले. तोट्याची लाल शाई जाऊन नफ्याची काळी शाई येते म्हणून हे नाव, असा गोड अर्थ पुढे १९८० च्या दशकात प्रचारात आला.

त्या शुक्रवारची झुंबड किती थराला जाते, हे २००८ साली जगाने पाहिले. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर पहाटे दुकान उघडण्याची वाट पाहणाऱ्या जमावाने दरवाजे मोडले, आणि दारापाशी असलेला एक हंगामी कामगार लोकांच्या पायांखाली सापडून मरण पावला. ती बातमी वाचून कोणालाही वाटेल की ह्या लोकांची माणुसकी हरपली.

त्यानंतर गिऱ्हाइकांच्या सवयी पालटल्या. घरबसल्या खरेदीच्या सोमवारला २००५ सालीच 'सायबर मंडे' हे नाव मिळाले होते. मधल्या काळात मोठी दुकाने थँक्सगिव्हिंगच्या संध्याकाळीच उघडू लागली होती. २०२० च्या कोरोना साथीत त्यांतील अनेकांनी त्या दिवशी दारे बंद ठेवली, आणि पुढेही ती प्रथा बऱ्याच अंशी टिकली. एका दिवसाची झुंबड आता महिनाभरावर पसरली आहे. गिऱ्हाईक रांगेतून उठले आणि मोबाईल घेऊन पलंगावर जाऊन बसले. आपल्या देशात ६ ऑक्टोबर २०१४ रोजी फ्लिपकार्टने 'बिग बिलियन डे' जाहीर केला, तेव्हा मागणी एवढी लोटली की यंत्रणा कोलमडली आणि संस्थापकांना ग्राहकांची क्षमा मागावी लागली. तेव्हापासून दसरा-दिवाळीपूर्वीचे सेल ही वार्षिक रीत झाली. आता ब्लॅक फ्रायडेही आपल्या मोबाईलवर येऊन ठेपला आहे. बहुतेक वर्षी त्यामागून येणारा रविवार हा आपल्या आगमनकाळाचा पहिला रविवार असतो.

प्रिय वाचकहो, गर्दी गेली, धक्काबुक्की गेली, म्हणजे आपण अधिक सज्जन झालो काय? लाँग आयलंडच्या जमावाला निदान दारातला माणूस दिसण्याजोगा होता. आपल्याला तो दिसतच नाही. पलंगावर बसून आपण 'उद्याच हवे' असे बोटाने सांगतो, तेव्हा रात्री गोदामात उभे राहून ती वस्तू शोधणारा, ती बांधणारा आणि उन्हातान्हात जिने चढणारा कोणीतरी असतो. त्याला धक्का बसतो, पण तो आपल्या कोपराचा नसतो. म्हणूनच आपले मन स्वच्छ राहते.

सेमिनरीत असताना 'रास्त किंमत' हा विषय आम्ही शिकलो होतो. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी एखादी वस्तू तिच्या मोलापेक्षा महाग विकणे अन्यायाचे मानले, हे बहुतेकांना ठाऊक असते. मोलापेक्षा स्वस्त विकत घेणे हाही अन्यायच, असे त्यांनी त्याच ठिकाणी म्हटले आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. तेथे ते संत ऑगस्टिन ह्यांचा आधार घेतात. ऑगस्टिन ह्यांनी एका नटाची गोष्ट सांगितली आहे. तुमच्या सर्वांच्या मनात काय आहे ते मी सांगतो, असे त्याने प्रेक्षकांना वचन दिले. आणि सांगितले काय, तर तुम्हां सर्वांना स्वस्तात घ्यायचे आहे व महाग विकायचे आहे! लोकांनी टाळ्या वाजवल्या. परंतु ऑगस्टिन पुढे आपल्या माहितीतल्या एका गृहस्थाचे उदाहरण देतात. एक हस्तलिखित विकायला आले होते. विकणाऱ्याला त्याचे मोल ठाऊक नव्हते आणि तो थोडकेच मागत होता. त्या गृहस्थाने मात्र त्याला त्याची खरी किंमत मोजून दिली. सोळाशे वर्षांपूर्वीचा तो अनामिक ग्राहक आज माझ्यासमोर येऊन उभा राहिला, तर मी माझा मोबाईल लपवीन.

ह्यावर आमच्या धर्मग्रामातील एक माता मला म्हणाली, "फादर, तीन मुलांचे बूट सेलमध्येच घेते मी. नाहीतर नाताळला जुनेच घालावे लागतील. हे पाप आहे का?" मी म्हटले, "नाही, बाई. हे पाप नाही." गरजवंताने काटकसर करणे हा सद्‌गुणच आहे, आणि तो प्रश्न तिला विचारण्यापूर्वी मी स्वतःला विचारायला हवा. पुढे तो तरुण भेटला तेव्हा मी भावनेच्या भरात म्हणालो, "हे सेल बंदच व्हायला हवेत." तो शांतपणे म्हणाला, "मग फादर, माझं काम जाईल. आईचं औषध ह्यातूनच येतं." मी गप्प झालो. सेलवर बहिष्कार घालणे सोपे असते, आणि त्याची किंमतही बहुधा दुसऱ्यालाच मोजावी लागते.

मग करायचे काय? पवित्र शुभवर्तमानातील श्रीमंत मनुष्य आणि लाजरस ह्यांची गोष्ट आपण अनेकदा ऐकली आहे. श्रीमंताने लाजरसाला मारले नाही, हाकलले नाही, त्याचे काही चोरलेही नाही. लाजरस दाराशी पडून होता आणि ह्याने त्याची दखल घेतली नाही, एवढाच त्याचा अपराध. आपल्या काळात लाजरस घंटा वाजवतो, पार्सल हाती देतो आणि निघून जातो. त्याची दखल घेणे, हे निदान आपल्या हाती आहे. वस्तू चार दिवसांनी आली तरी चालत असेल तर उद्याचा हट्ट धरू नये. सणाला वापरलेला कपडा न आवडल्याचे सांगून परत पाठवू नये. उशीर झाला म्हणून निरोप्यावर राग काढू नये. त्याला दोन मिनिटे टेकू द्यावे. आणि जे बाजारात सहज मिळते, ते ज्याच्या सुखदुःखाला आपण जातो अशा दुकानदाराकडून, परवडेल तेवढे, घ्यावे. ह्या गोष्टी लहान आहेत. परंतु सदसद्विवेकबुद्धीची मशागत अशा लहान गोष्टींतूनच होते.

पुढल्या रविवारी मी वेदीवरून माझे आधीचे शब्द मागे घेतले. गायकवृंदाचा सराव साडेसातऐवजी रात्री पावणेदहाला ठेवला. काही पालकांनी कुरकुर केली, ती रास्तही होती. पहिल्या रात्री तो तरुण आला तेव्हा त्याचा आवाज बसलेला होता. दुसऱ्या रात्री त्याच्याबरोबर आणखी एक मुलगा आला, तोही पार्सले वाटणारा.

माळा गोठ्याला लावल्या. एक मात्र कमी पडली. ती आणायला मी बाजारात गेलो. जुन्या दुकानदारांनी कसलाही प्रश्न विचारला नाही. एका माळेचे पैसे घेतले आणि दुसरी नेहमीप्रमाणे पदरची घातली. त्या माळेची रास्त किंमत किती, हे मला अजून ठरवता आलेले नाही.